पश्चिमेचा छज्जा काढू की ठेवू?

प्रश्न : ताई, नमस्कार. नाशिकच्या मखमलाबादला काळ्या मातीच्या प्लॉटवर घर बांधतोय. तळमजला 900 चौरस फूट, वर 700. हाताशी 36 लाख, इस्टिमेट आलं 42 लाखांचं. ठेकेदार म्हणतात, पश्चिमेचे छज्जे, गच्चीचं चायना मोझॅक (टाइल्सच्या तुकड्यांचा थर) आणि पावसाच्या पाण्याची टाकी काढून टाका. 'व्हॅल्यू मॅनेजमेंट' म्हणजे हेच. आर्किटेक्ट म्हणतात, मग पर्यावरणपूरक घर राहिलं कुठे? नकाशा अजून मंजुरीला गेलेला नाही. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, मखमलाबाद

उत्तर : नकाशा अजून कागदावरच आहे, हे वाचून फार बरं वाटलं. आता भिंत सरकवायला खोडरबर पुरतं.

ठेकेदार सांगतात ती काटछाट. व्हॅल्यू मॅनेजमेंटचं मूळ वेगळं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीला हवा तो माल मिळेना. तिथले लॉरेन्स माइल्स विचारू लागले, मला ही वस्तू हवी आहे की तिचं काम? तेच काम दुसऱ्या कशाने होईल? यातून उभी राहिलेली पद्धत पुढे बांधकामातही आली. तुम्हीही इस्टिमेटमधल्या प्रत्येक मोठ्या बाबीपुढे तिचं काम दोन शब्दांत लिहा. छज्जा : ऊन अडवणे. टाकी : पाणी साठवणे. वस्तू गेली तरी चालेल, काम जाता कामा नये.

हे मी स्वतः भोगून शिकले. 1998 मध्ये इंदिरानगरला आमचं घर बांधताना मी पश्चिमेचे छज्जे गाळले. त्या खोलीत सासूबाई राहायच्या. एप्रिलमध्ये दुपारी चारनंतर त्या चटई उचलून जिन्याखाली जाऊन बसत, आणि रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर ती कोमट लागे. दोन उन्हाळ्यांनी तोडफोड करून छज्जे बांधले, तरी ऊन आत येतच राहिलं! पश्चिमेचं ऊन तिरपं असतं, ते छज्ज्याखालून शिरतं. शेवटी खिडकीबाहेर चिक, म्हणजे बांबूच्या कामट्यांचे पडदे, सोडले तेव्हा खोली निवली. सासूबाईंचे ते दोन उन्हाळे मला अजून सलतात.

म्हणून तुमच्या नकाशात जिना, बाथरूम, कोठीची खोली पश्चिमेला घ्या आणि झोपायच्या खोल्या पूर्वेला. ऊन त्या भिंतीवर थांबेल. मग पश्चिमेला उरतील त्या लहान खिडक्यांना पावसापुरता छोटा छज्जा आणि बाहेरून जाळी किंवा चिक बास.

टाकीचं गणित असं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमची गच्ची साधारण 84 चौरस मीटर आणि नाशिकचा पाऊस वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास धरला, तर 58 हजार लिटर पडतात; थोडं वाया जाणारच. पण ते बहुतेक चार महिन्यांत येतं. पाच हजार लिटरची टाकी जुलैतच भरून वाहील, आणि उन्हाळ्यात तुम्हाला तिचा कितीसा आधार? बोअर असेल तर गच्चीचं पाणी फिल्टरमधून त्यात सोडा. आरसीसी टाकीपेक्षा ते बरंच स्वस्त पडतं. शोषखड्डा करणार असाल तर तो पायापासून चांगला लांब, मुरमापर्यंत खोल हवा. काळी माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. आणि याच कारणासाठी पायाच्या खर्चाला हात लावू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग सोडायचं नाही. चायना मोझॅकऐवजी वर ऊन परतवणारा पांढरा रंग चालेल, पण तो काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. तो खर्चही आजच इस्टिमेटशेजारी लिहा, म्हणजे खरी तुलना होईल. विटांचे दर काढताना फ्लाय ॲशच्या विटांचाही काढा; एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची राख आपल्या दाराशी आहे.

एवढ्याने सहा लाख निघणार नाहीत, हे स्पष्ट सांगते. तुमचं घर चौरस फुटाला सरासरी 2,625 रुपयांना पडतंय. पॅसेज, वर्षातून दोनदा उघडणारी पाहुण्यांची खोली यांतून 150 चौरस फूट कमी झाले तर सरासरीने चार लाखांच्या जवळ जाता. न बांधलेल्या फुटाला सिमेंट, वाळू, पाणी, काहीच लागत नाही. फॉल्स सीलिंग आणि दर्शनी क्लॅडिंग नंतरही करता येतं.

एका रविवारी आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, ठेकेदार, प्लंबर आणि घरातली सगळी माणसं एकत्र बसा. पहिला अर्धा तास दर कोणीच काढायचा नाही, फक्त काम काय ते बोलायचं. घरात म्हातारी माणसं आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर पहिला प्रश्न त्यांना विचारा : दुपारी चार वाजता तुम्ही कुठे बसता?