टक्केवारी कशावर? कलाकार व्यवस्थापनाबद्दल वाचकांचे प्रश्न

सीमाभागातून आलेल्या प्रश्नांपैकी चार इथे घेतले आहेत. पैशाचा प्रश्न बाकीच्यांच्याही मुळाशी असल्याने पहिलं उत्तर लांबलं आहे.

प्रश्न (खानापूर): आम्ही दोघे मित्र एका शास्त्रीय गायिकेचे आणि एका ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम ठरवतो. आता रीतसर फर्म काढायची आहे. कमिशन किती घ्यावं?

उत्तर: दर साधारण १० ते २० टक्के. नव्या कलाकाराकडून १५ घेतले तर कुणी नाव ठेवत नाही. भांडण होतं ते हे टक्के कशावर मोजायचे यावरून.

समजा सुपारी, म्हणजे ठरवून घेतलेला कार्यक्रम, ६०,००० रुपयांची आहे. साउंडचे १२,०००, गाडी-जेवणाचे ९,०००, चार साथीदारांना प्रत्येकी ३,५०० म्हणजे १४,०००. खर्च जाऊन उरले २५,०००. पूर्ण रकमेवर १५ टक्के घेतले तर तुम्हाला ९,००० आणि गायिकेला १६,०००. उरलेल्या रकमेवर घेतले तर तुम्हाला ३,७५०, तिला २१,२५०. पहिल्या पद्धतीत गायिका फार दिवस टिकत नाही. दुसऱ्या पद्धतीत तिने दोन साथीदार वाढवले की तुमचं कमिशन परस्पर घटतं. आमच्या मते साउंड, प्रवास, जेवण आणि मुक्काम वजा करावा, साथीदारांची बिदागी करू नये. म्हणजे ३९,०००वर १५ टक्के, ५,८५०, गायिकेला १९,१५०. काय वजा आणि काय नाही, ही यादी करारातच लिहा.

त्याहून महाग पडणारी चूक बिलाची. आयोजकाने सगळे ६०,००० तुमच्या फर्मला दिले आणि १० टक्के टीडीएस तुमच्या पॅनवर कापला, तर त्याचा फायदा गायिकेला मिळत नाही. शिवाय कार्यक्रम तुम्हीच विकला असं धरलं जाऊन पूर्ण रक्कम तुमची उलाढाल ठरते. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे. असे ३४ कार्यक्रम झाले की ती ओलांडली. त्याऐवजी बिल गायिकेने आयोजकाच्या नावे करावं आणि तुम्ही तिला फक्त कमिशनचं बिल द्यावं. आणखी एक कारण आहे. शास्त्रीय किंवा लोककलेच्या सादरीकरणाला, मानधन दीड लाखापर्यंत असेल तर, जीएसटी माफ आहे. पण ही माफी कलाकाराला आहे, मध्यस्थाला नाही. सिनेगीतांचा ऑर्केस्ट्रा त्यात बसत नाही, त्याचा हिशोब वेगळा ठेवा.

आणि भागीदारी नोंदवून घ्या. नोंद नसलेल्या फर्मला करारातल्या पैशासाठी कोर्टात दावा लावता येत नाही. ही गोष्ट बहुतेकांना पैसे बुडाल्यावरच कळते.

प्रश्न (निपाणी): मंडळं कार्यक्रम झाल्यावर पैसे देऊ म्हणतात आणि मग दिवाळीपर्यंत फोन उचलत नाहीत. इसार किती घ्यावा? पावसाने कार्यक्रम रद्द झाला तर?

उत्तर: मंडळाकडे वर्गणी शेवटच्या आठवड्यात जमते, त्यामुळे सगळे पैसे आधी मागून उपयोग नाही. तारीख धरताना ३० टक्के, आठ दिवस आधी आणखी ३० आणि बाकीचे कलाकार रंगमंचावर चढण्यापूर्वी. पहिला हप्ता आल्याशिवाय बॅनरवर नाव छापायचं नाही, हेही लेखी ठरवा; नाव छापलं की तारीख पक्की झाली असं गाव धरून चालतं आणि तुम्ही अडकता.

रद्द होण्याचे तीन प्रकार करा. आयोजकाने रद्द केलं तर इसार परत नाही. कलाकार आला नाही तर इसार पूर्ण परत. पावसामुळे रद्द झालं तर इसार पुढच्या तारखेला वळता, पण गाडी निघाली असेल तर तिचं भाडं आयोजकाकडे. गणपतीच्या दिवसांत खानापूर-बेळगाव पट्ट्यात पाऊस असतोच, त्यामुळे मंडप वरून झाकलेला आणि विजेची जोडणी उंचावर, ही अट ठेवा. अर्थिंग नसलं की ओल्या स्टेजवर माइकमधून झटका बसतो; म्हणून साउंड चेक दुपारी चारला, अर्थिंग तपासूनच.

रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा देशभरचा नियम आहे. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस तो बारापर्यंत वाढवू शकतं, पण त्यात तुमची तारीख आहे का ते पोलीस ठाण्यात विचारून घ्या. पाहुण्यांची भाषणं लांबली आणि गाणं पाऊण तासात आटोपावं लागलं, तरी मानधन पूर्ण मिळेल, असं एक वाक्य करारात हवंच.

प्रश्न (बेळगाव, शहापूर): आम्ही जिला पुढे आणलं ती गायिका करार संपताच पुण्याच्या कंपनीकडे चालली. तिला थांबवता येईल का? तिची गाणी आमच्या चॅनलवर आहेत, त्यांचं काय?

उत्तर: थांबवता येणार नाही. करार संपल्यावर कुणाला धंदा करण्यापासून रोखणारी अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार टिकत नाही. मुदतीत ठरलेल्या कार्यक्रमांचं कमिशन मात्र, कार्यक्रम नंतर झाला तरी, मागता येतं. तसं लिहिलेलं असेल तर. पुढच्या करारात मुदतीनंतरचे सहा महिने निम्मा दर, मग शून्य, असा उतरता क्रम घाला. पहिला करार दोन वर्षांचा पुरे. कलाकार अठरा वर्षांखालील असेल तर त्याची सही चालत नाही, पालकांची घ्या.

गाण्यांबाबत कागद काढून बघा. हक्क लेखी दिले आहेत पण मुदत लिहिलेली नाही, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा २०१२ च्या दुरुस्तीनंतर काढून घेता येत नाही, त्यांना आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणारी संस्था) सदस्य व्हायला सांगा. अभंगाचे शब्द संतांचे म्हणून मोकळे असले तरी गाजलेली चाल कुणाची तरी असते. यूट्यूबवर दावा येतो तो बहुधा चालीवरून.

प्रश्न (चिक्कोडी): तीन कलाकार आहेत. वाढायचं तर आणखी कलाकार घ्यावेत का?

उत्तर: आधी आहेत त्यांच्या तारखा भरा. गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, मग कॉलेजची स्नेहसंमेलनं आणि गावोगावची साहित्य संमेलनं, पुढे वैशाखापर्यंत यात्रा आणि शिवजयंती. आषाढ-श्रावणात उघड्यावरचे कार्यक्रम जवळपास बंद. हे दोन महिने रेकॉर्डिंग आणि सभागृहातल्या बैठकींसाठी राखा. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यामुळे छोट्या सभागृहात तिकीट लावून पाहण्यासारखं आहे.

तारखा जोडीने लावा. शनिवारी कोल्हापूर असेल तर रविवारी निपाणी किंवा संकेश्वर मिळवा, एकाच महामार्गावर गाडीचा खर्च वाटला जातो. चोर्ला घाटातून गोव्याला जाणारी तारीख पावसाळ्यात घेतली तर चार तास जादा धरा. भाड्याच्या गाडीला त्या राज्याचा परवाना आहे का, हे निघण्यापूर्वी विचारा.

नाकारलेल्या चौकश्यांची वही ठेवा. एकाच कलाकाराच्या शनिवार-रविवारच्या तारखा भरून चौकश्या परत जाऊ लागल्या तरच मानधन वाढवा. एकाच बाजाचे दोन गायक घेऊ नका; कोणती सुपारी कुणाला दिली यावरून दोघेही नाराज होतात. निम्म्याहून अधिक कमिशन एकाच कलाकाराकडून येत असेल, तर चौथा कलाकार घेण्याची वेळ झाली आहे. त्याच्याआधी मात्र हिशोबाला अर्धवेळ माणूस ठेवा, आणि तो कन्नड बोलणारा असेल तर उत्तम. धारवाड-हुबळीचे आयोजक मराठी गायकाला आनंदाने बोलावतात, पण बोलणी त्यांच्या भाषेत झाली की लवकर पक्की होतात. ऑफिस घेतलंत तर पाटीवर ६० टक्के कन्नड बंधनकारक आहे, रंगाऱ्याला आधीच सांगा.