वरिष्ठ प्रस्तावावर काहीच करत नसतील, तर त्यांना ओलांडून थेट वर पाठवावा का?

थेट नको, 'मार्फत' पाठवा. पत्र अंतिम मंजुरी देणाऱ्याच्या नावे लिहा आणि खाली 'मार्फत' म्हणून मधल्या अधिकाऱ्यांची पदनामं क्रमाने घाला. मग तुमच्या साहेबांना निर्णय घ्यावा लागत नाही, फक्त शिफारस लिहून पुढे धाडायचं असतं. तेवढ्याला माणूस सहसा तयार होतो. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्याच. तोंडी 'बघतो' कुठेही नोंदलं जात नाही.

बरेच प्रस्ताव विरोधाने नाही, अपुरेपणाने अडतात. खर्च कुठल्या तरतुदीतून, तेवढ्या रकमेचे अधिकार कोणाला, हे पहिल्या पानावर हवं. 'योग्य तो निर्णय व्हावा' ही मागणीच नव्हे; 'अमुक खरेदीस अमुक तारखेपर्यंत मंजुरी द्यावी' असं लिहा.

उत्तर आलं नाही तर मूळ पत्राचा क्रमांक आणि तारीख देऊन स्मरणपत्र द्या. दोन स्मरणपत्रांनंतरही शांतता असेल तर वर लिहा, पण साहेबांना प्रत देऊनच, आणि त्यात फक्त तारखा मांडा, तक्रार नको. लेखी नकार मिळाला असेल तर तोही जोडा. लपवलेला नकार फायलीत सापडला की प्रस्ताव तिथेच संपतो. कोणाच्या जिवाला धोका असेल तर मात्र ही साखळी सोडा, आधी वर कळवा, कागद नंतर.