उसाचा शेंडा कोवळा, बुडखा टणक

प्रश्न : आमच्या गुऱ्हाळावर शेंड्याकडचे कांडे हाताने सहज मोडते आणि पचपचीत लागते, बुडख्याकडचे मात्र टणक आणि गोड असते. एकाच उसात हा फरक कसा पडतो?
– एक वाचक, करवीर तालुका, जि. कोल्हापूर

उत्तर : टणकपणा आणि गोडी यांबद्दल आपण एकत्र विचारलेत हे फार चांगले केलेत, कारण काहिलीत आटणारा गूळ आणि तिच्याखाली चुलवाणात जळणारे चिपाड हे दोन्ही एकाच साखरेपासून झालेले असतात. पानांत तयार झालेली साखर खोडात उतरते, आणि कोवळ्या कांड्यात तिचा मोठा वाटा पेशीभित्तिका, म्हणजे पेशींभोवतीच्या भिंती, बांधण्यात खर्ची पडतो. पेशीपटलात, म्हणजे भिंतीच्या आतल्या पातळ पडद्यात, सहा पाकळ्यांच्या फुलासारखी दिसणारी प्रथिनांची संकुले असतात. ती ग्लुकोजचे रेणू एकमेकांना जोडून सेल्युलोजचे धागे विणतात आणि विणता विणता पटलावरून पुढे सरकतात. त्यांची दिशा पटलाच्या आतल्या अंगाला असलेल्या सूक्ष्मनलिका (प्रथिनांच्या अतिसूक्ष्म नळ्या) ठरवतात. धागे पेशीभोवती आडवे, पिंपावरच्या कड्यांसारखे बसले, की पेशी जाडीला फुगत नाही, लांबीला वाढते.

मात्र ही भिंत वेळेवर सैलही व्हावी लागते. पेशीतील पाण्याचा दाब मोटारीच्या चाकातील हवेपेक्षा जास्त असतो. ऑक्झिन या संप्रेरकामुळे भिंतीत आम्लता वाढली, की एक्स्पान्सिन नावाची प्रथिने धाग्यांची पकड ढिली करतात आणि त्या दाबाने भिंत ताणली जाते. पावसाळी वाऱ्याने लोळलेला ऊस काही दिवसांनी शेंड्याकडून पुन्हा वर वळलेला आपण पाहिला असेल. पेऱ्यालगतच्या वाढीच्या पट्ट्यात खालच्या बाजूच्या पेशी अधिक लांबल्यामुळे तो तसा वळतो. भिंत कोठे आणि किती सैल करायची यावर उसाचा केवढा ताबा आहे, हे तेथे नुसत्या डोळ्यांना दिसते.

कांड्याची वाढ थांबली, की सालीलगतच्या आणि वाहिन्यांभोवतीच्या पेशींत भिंतीच्या आतून जाड थर चढतो व त्यात लिग्निन हे लाकडाला कठीणपणा देणारे द्रव्य मुरते; टणकपणा येतो तो यामुळे. भिंतींची मागणी घटल्यावर येणारी साखर गराच्या पेशींतील रिक्तिकांत, म्हणजे रसाच्या पिशव्यांत, साठत जाते. बुडख्याची कांडी आधी तयार झालेली असल्याने तेथे हा साठा अधिक असतो. तोडणीपूर्वी उसाचे पाणी तोडतात तेही याच हिशेबाने : पाण्याचा ताण बसताच पेशींचे लांबणे मंदावते, पाने मात्र काही काळ साखर करीतच राहतात.