लक्झरी ब्रँडमध्ये मुलींना वरच्या पदापर्यंत जाता येतं का? त्यासाठी पॅरिसचा कोर्स आणि फ्रेंच लागतं का?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. झालंय, कोल्हापूरच्या लीना नायर शनेल या फ्रेंच फॅशन ब्रँडच्या सीईओ झाल्याचं वाचल्यापासून हेच क्षेत्र डोक्यात आहे, आणि घरचे म्हणतात तिथे मुली फक्त काउंटरवर उभ्या करायला ठेवतात. घरच्यांचं अर्धं बरोबर आहे. त्या अर्ध्याचाच मला राग आहे, म्हणून एवढं लिहायला बसले.

मी मुंबईत महागड्या स्विस घड्याळांच्या धंद्यात आहे. दक्षिण मुंबईतल्या एका बुटीकच्या फ्लोअरवर सुरुवात केली, आज एका ब्रँडची पश्चिम भारतातली विक्री माझ्याकडे आहे. बुटीकमध्ये रोज रात्री शटर अर्धं खाली आलं की मोजणी सुरू व्हायची. ट्रे बाहेर काढायचे, एकेका नगाचा सिरियल नंबर यादीशी ताडायचा, टिक करायची आणि ट्रे तिजोरीत. हे कंटाळवाणं काम, म्हणून ते आम्हा मुलींकडे. मुलगे तेवढ्यात बड्या गिऱ्हाइकांना गाडीपर्यंत सोडायला जायचे आणि ओळखी वाढवून यायचे.

मोजता मोजता मी एका लाँगबुकात टिपायला लागले. कुठला नग कधी आला, कोणी हातात घेतला, का ठेवून गेलं. काही महिन्यांत दिसायला लागलं की 'लेडीज' म्हणून मागवलेले, इवल्याशा डायलचे, कडेने हिरे लावलेले क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर चालणारे नग जागचे हलत नाहीत. येणाऱ्या बायका मात्र 36 मिमी डायलचं ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप किल्ली बसणारं घड्याळ विचारतायत. डॉक्टर, वकील, सीए. स्वतःच्या पैशाने स्वतःसाठी घेणाऱ्या, नवऱ्याला फोन करून न विचारणाऱ्या. त्यांना आम्ही जेंट्सच्या ट्रेमधलं काढून द्यायचो, पट्ट्याच्या दोन कड्या कमी केल्या की मनगटावर झकास बसायचं. आणि तिजोरीत हिरेवाल्या नगांमध्ये पैसा अडकून पडलेला.

हे सगळं मांडून मी एरिया मॅनेजरना दिलं. सर पार्ल्याचे, गोडबोले. हसून म्हणाले, "अगं, बायकांना हिरेच लागतात. माझ्या घरी येऊन विचार." पुढच्या खरेदीच्या मीटिंगला माझाच तक्ता त्यांच्या प्रेझेंटेशनमध्ये. रकाने माझे, क्रम माझा, बेरजा माझ्या. ऑर्डर बदलली, माल फिरला, शाबासकी त्यांना.

तेही गिळलं असतं. पण त्यानंतर बुटीक मॅनेजरची जागा रिकामी झाली आणि ती गेली एका मुलाला, ज्याला डोळ्याला लूप, म्हणजे घड्याळजीचं भिंग, कसं लावायचं इथपासून मी शिकवलं होतं. सरांनी दिलेलं कारण काय, तर "मोठे क्लायंट रात्री उशिरा भेटतात, पार्ट्या असतात, जिनिव्हाच्या वाऱ्या असतात. तुझं आत्ताच लग्न झालंय. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय." मला कोणी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं की नवरा मर्चंट नेव्हीत आहे, अर्धं वर्ष घरी माझी वाट बघणारं कुणी नसतं!

रात्रीच्या कामाचं कारण तर आता कागदावरही टिकत नाही. 2017 च्या महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार बाईची संमती असेल तर तिला रात्री साडेनऊनंतरही काम देता येतं. तिची सुरक्षितता आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवणं ही मालकाची जबाबदारी. म्हणजे गाडीचा खर्च वाचवायचा आणि त्याला काळजीचं नाव द्यायचं.

मी नोकरी बदलली. नव्या ठिकाणी पगाराआधी एकच विचारलं, अलोकेशन कोणाकडे असणार? ज्या नगांसाठी वेटिंग लिस्ट असते, त्यातले किती कुठल्या दुकानाला द्यायचे आणि कुठल्या गिऱ्हाइकाला, हे जो ठरवतो त्याचा फोन सगळे उचलतात. मुलींना देतात क्लायंट रिलेशन, इव्हेंट, विंडो डिस्प्ले. फोटो छान येतात, पण नफ्या-तोट्याच्या कागदाला त्यांचा हात लागत नाही, आणि बढती त्या कागदावरून ठरते.

बाहेर परदेशात वर पोचलेल्या बायका बघा. फ्रांचेस्का बेलेत्तिनी मिलानच्या बोक्कोनी विद्यापीठातून शिकल्या, लंडनला गोल्डमन सॅक्स बँकेत आकडेमोड केली, मग प्रादामार्गे फॅशनमध्ये आल्या. 2013 मध्ये सेंट लॉरेंट या फॅशन ब्रँडच्या सीईओ झाल्या तेव्हा ब्रँडची विक्री साधारण 55 कोटी युरो होती, 2022 मध्ये ती 300 कोटींच्या वर गेली. 2025 मध्ये त्यांच्या हाती गुची दिलं. डेल्फीन आर्नो 2023 मध्ये दिओरच्या सीईओ झाल्या. हुशार असतीलही, पण दिओर ज्याच्या मालकीचं त्या अख्ख्या एलव्हीएमएच समूहाचे प्रमुख त्यांचे वडील, तो रस्ता तुम्हाआम्हाला नाही. ऑदमार पिगे या घड्याळाच्या कंपनीच्या सीईओ इलारिया रेस्टा तर साबण-शांपूच्या प्रॉक्टर अँड गँबलमध्ये घडलेल्या.

लीना नायरांच्या बातमीत लोक 'शनेल' वाचतात आणि 'तळोजा' सोडून देतात. सांगलीच्या वालचंदमधून इंजिनीअरिंग, जमशेदपूरच्या एक्सएलआरआयमधून एचआर, 1992 मध्ये हिंदुस्तान लिव्हरमध्ये ट्रेनी, मग कारखान्यांच्या पोस्टिंग, त्यातलं एक तळोजा. फॅशनचा कुठलाही कोर्स नाही. शनेलची खुर्ची मिळाली जानेवारी 2022 मध्ये. आता तुम्ही म्हणाल, त्या तर एचआरमधून गेल्या आणि मी आकडे-आकडे करतेय. खरंय. पण युनिलिव्हरएवढ्या, हिंदुस्तान लिव्हरच्या मूळ कंपनीत जगभरच्या माणसांचा कारभार बघणं आणि आमच्याकडे एचआरमध्ये रजेचे अर्ज मंजूर करणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तर कोर्सचं. पॅरिसजवळच्या एसेक या बिझनेस स्कूलचा लक्झरीतला एमबीए नावाजलेला आहे, पैसे असतील तर करा, ओळखी होतात. कर्ज काढून लगेच नको. बी.कॉम. आहात, हीच तुमची जमेची बाजू. आधी एखाद्या बुटीकमध्ये लागा आणि स्टॉकचं काम मागून घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख का घेता येत नाही, दहा लाखांवरच्या घड्याळावर एप्रिल 2025 पासून एक टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून गोळा करायचा आयकर, का घेतात, हे गिऱ्हाइकाला न अडखळता सांगता आलं की मॅनेजर तुम्हाला बाजूला ठेवू शकत नाही. स्वतः केलेला तक्ता एरिया मॅनेजरच्या हातात देऊ नका, ईमेलने पाठवा, सीसीमध्ये आणखी कोणीतरी असू द्या. आणि "तुझ्याच भल्यासाठी" असं कोणी म्हणालं तर नम्रपणे तेही ईमेलवर मागा. बहुधा येत नाही.

ते गोडबोले सर हल्ली दर 8 मार्चला लिंक्डइनवर महिला नेतृत्वाबद्दल लिहितात. त्यांनी हे उत्तर वाचलं तर बरंच होईल.

हे सगळं घड्याळांतलं सांगितलं, थोडंफार दागिन्यांनाही लागू पडेल. परफ्यूम-कॉस्मेटिक्समध्ये बायका वर जास्त दिसतात, हॉटेलांचं गणित पूर्ण वेगळं. आणि माझ्यामागे तेव्हा मूल नव्हतं, सासूबाई पाठीशी होत्या, हेही धरून चाला. फ्रेंचचं म्हणाल तर आजवर माझं कुठे अडलं नाही. मुंबईत गुजराती आणि मारवाडी कळलं तर विक्री जास्त होते.