‘संकेत अणु’ की ‘संकेतरेणू’? आणि झाडाला तणाव असतो का?

प्रश्न असा आहे : एका अनुवादित मजकुरात ‘वनस्पतींच्या तणाव प्रतिक्रियेत नायट्रिक ऑक्साइड हा महत्त्वाचा संकेत अणु आहे’ असं वाक्य आलंय. मराठी म्हणून ते चालेल का? आणि ‘संकेत’ऐवजी ‘संदेशवाहक’ म्हटलेलं बरं का?

वाक्य हिंदीवरून उचललेलं दिसतं. चोरी पकडली जाते ती ‘अणु’पाशी. हिंदीतला परमाणु म्हणजे आपला अणू आणि हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू. नायट्रिक ऑक्साइडमध्ये नायट्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक असे दोन अणू जोडलेले असतात, म्हणजे तो रेणूच. शिवाय मराठीत शेवटचा उकार दीर्घ : अणू, रेणू. समासात पुढे शब्द आला की ऱ्हस्व होतो, अणुऊर्जा, रेणुभार. ‘संकेतरेणू’त तो शेवटीच आहे, तेव्हा दीर्घच.

‘तणाव’ हा शब्द मात्र इथे अगदीच परका वाटतो. मराठीत तणाव सीमेवर असतो, निवडणुकीनंतर गावात असतो, दोन जावांमध्ये असतो. झाडाला असतो तो ताण. आणि हा शब्द कुठल्या परिभाषा समितीने घडवलेला नाही, बागाईतदाराच्या तोंडचा आहे. संत्र्याचा आंबिया बहार धरायचा तर त्याआधी बागेचं पाणी तोडतात, त्याला ‘ताण देणं’ म्हणतात. जमीन हलकी की भारी त्याप्रमाणे हा ताण साधारण एक ते दोन महिन्यांचा असतो. मग ‘ताण तोडताना’ पहिलं पाणी हलकं देतात. डाळिंबातही हाच शब्द. पाऊस ओढ देतो तेव्हा मात्र पिकाला ताण ‘बसतो’. मुद्दाम दिला तर देणं, नको असताना आला तर बसणं, हा भेद एका क्रियापदात उरकतो. इतका तयार शब्द हाताशी असताना ‘तणाव’ कशाला? शास्त्रीय लेखनातही दुष्काळ, क्षार, उष्णता, थंडी यांच्यासाठी ‘अजैविक ताण’ आणि रोग-किडींसाठी ‘जैविक ताण’ चांगलं रुळलं आहे. बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताणावर काम करणारी राष्ट्रीय संस्थाच आहे.

‘प्रतिक्रिया’ चूक म्हणता येणार नाही, पण त्याच लेखात पुढे रासायनिक ‘अभिक्रिया’ येणार आणि वाचक अडखळणार. ‘प्रतिसाद’ सुटसुटीत.

आता मुख्य मुद्दा, संकेत की संदेशवाहक. यासाठी पानात काय घडतं ते पाहावं लागेल. माती सुकली की झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं. ते पर्णरंध्राच्या, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्राच्या, दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशींपर्यंत पोचलं की तिथे नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. त्याचा एक महत्त्वाचा मार्ग म्हणजे नायट्रेट रिडक्टेज हे विकर नायट्राइटपासून ते बनवतं. त्यानंतर पेशीत कॅल्शियमची पातळी वाढते, पोटॅशियम बाहेर पडतं, त्यामागून पाणीही जातं, पेशी ढिल्या पडतात आणि रंध्र मिटतं. या साखळीत नायट्रिक ऑक्साइड कुठूनतरी चिठ्ठी घेऊन आलेलं नाही. ते तिथेच तयार होतं, काही सेकंदांत संपतं आणि बरोबर कसलाही मजकूर नेत नाही. ते स्वतःच प्रथिनातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकाला जाऊन चिकटतं, आणि त्या प्रथिनाचं वागणं बदलतं. ‘संदेशवाहक’ हा शब्द संदेशवाहक आरएनएला शोभतो, कारण त्याच्या क्रमात प्रथिन कसं बनवायचं याचा खरोखर मजकूर असतो.

उलट ‘संकेत’ म्हणजे दोघांत आधी ठरलेली खूण. ‘संकेतस्थळ’ वेबसाइटच्या आधी प्रेमिकांनी भेटायला ठरवलेल्या जागेला म्हणत, ते याच अर्थाने. नायट्रिक ऑक्साइडचं तेच आहे. रक्षक पेशीत त्याचा अर्थ ‘दार लावा’, मुळाशी तेच आडवी मुळं फुटण्याशी जोडलेलं, रोगजंतू शिरला तर आसपासच्या पेशी मरू देण्याशी. वायू तोच, अर्थ घेणाऱ्या पेशीत ठरलेला. गंमत म्हणजे रक्षक पेशीतही ते रंध्र मिटवणाऱ्या एका प्रमुख किनेजला (प्रथिनांना फॉस्फेट जोडणाऱ्या विकराला) चिकटून त्याचं काम रोखतं, म्हणजे ‘लावा’ सांगणारंही तेच आणि ‘पुरे’ म्हणणारंही तेच. त्यामुळे परिभाषेसाठी ‘संकेतरेणू’ पक्का. सोप्या लेखात ‘वर्दी देणारा रेणू’ म्हटलं तरी शोभेल. अग्निशमन दलाला देतात ती वर्दी. ‘इशारा’ नको, त्यात धमकीचा वास येतो.

अशा लेखात पुढे प्रयोगाचं वर्णन येतंच, तिथेही दोन शब्द सांभाळा. प्रयोगात नायट्रिक ऑक्साइड पुरवायला सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरतात, त्याला ‘दाता’ म्हणतात, ते ठीक. पण हा दाता उजेडात देतो आणि सोबत सायनाइडही देतो. म्हणून उजेडात ठेवून आधीच रिकामं केलेलं द्रावण तुलनेला घ्यावं लागतं. नाहीतर सायनाइडचा परिणाम नायट्रिक ऑक्साइडच्या नावावर जमा होतो. उलट नायट्रिक ऑक्साइड टिपून घेणाऱ्या रसायनाला काहीजण ‘शोषक’ लिहितात. ते चूक, कारण इथे शोषण होत नाही, रासायनिक अभिक्रिया होते. नेहमीच्या वापरातलं सीपीटीआयओ तर ती होताना मागे नायट्रोजन डायऑक्साइड सोडतं. ‘टिपणारं रसायन’ म्हणा.

एक नेहमीची गफलत : नायट्रिक आणि नायट्रस. नायट्रस ऑक्साइड म्हणजे हास्यवायू, त्यात नायट्रोजनचे दोन अणू. खत घातलेल्या शेतातून तोही निघतो, म्हणून एकाच लेखात दोन्ही येऊ शकतात आणि मुद्रितशोधक ‘दुरुस्ती’ करून एकाचं दुसरं करून टाकतो. मानवी रक्तवाहिन्यांतल्या संकेताबद्दल 1998 चं नोबेल मिळालं ते नायट्रिकच्या कामाला.

तेव्हा वाक्य असं करा : ‘ताण बसल्यावर वनस्पती जो प्रतिसाद देतात, त्यात नायट्रिक ऑक्साइड हा महत्त्वाचा संकेतरेणू असतो.’ ताण मुद्दाम दिलेल्या बागेबद्दल लिहीत असाल तर ‘बसल्यावर’ऐवजी ‘दिल्यावर’.