हेल्मेट आरशाला की डोक्याला?

प्रश्न : मी नाशकातल्या सिडकोतून रोज बाईकवर सातपूर एमआयडीसीला जातो. हेल्मेट आरशाला अडकवलेलं असतं, पोलीस दिसले की चढवतो. रस्त्यावरून स्वस्तात घेतलंय पण आयएसआय लिहिलंय त्यावर. हल्ली केस फार गळतात, आणि मिसेस तर घालतच नाही, म्हणते अंबाडा मोडतो. सिटीत स्पीड असतो कुठे, मग खरंच गरज आहे का?
– एक वाचक, सिडको

उत्तर : अहो, स्पीड नसला तरी उंची असतेच ना, गाडी स्लिप झाली की डोकं चार-पाच फुटांवरून थेट डिव्हायडरवर येतं. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून आपल्या नाशकात 'नो हेल्मेट नो पेट्रोल' सुरू झालं तेव्हा पंपावर लोक शेजारच्याचं हेल्मेट उसनं घेऊन टाकी भरायचे, तुमचंही तेच चाललंय, फक्त पंपाच्या जागी पोलीस.

आता तुमचं हेल्मेट. नुसतं आयएसआय कोणीही छापतं, त्यासोबत आयएस ४१५१ (हेल्मेटच्या मानकाचा क्रमांक) आणि सीएम/एल ने सुरू होणारा कंपनीचा लायसन्स नंबर आहे का बघा, तो लायसन्स नंबर आयएसआय मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, म्हणजे बीआयएसच्या, 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की खरा का खोटा ते कळतं. मार बाहेरच्या कवचापेक्षा आतला थर्माकोलसारखा जाड थर जास्त खातो, दबून जातो म्हणून कवटी वाचते, आणि एकदा दबला की परत फुगत नाही. त्यामुळे ॲक्सिडेंटमध्ये आपटलेलं हेल्मेट वरून चकाचक दिसलं तरी बदलायचं. आरशाला टांगल्यावर आरशाचं टोक याच थरात रुततं, आत बोट फिरवून बघा, खड्डा लागेल.

पट्टा लावून मागून वर ढकलून बघा. पुढे निघून आलं तर साईज मोठा आहे, आणि पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना तुमच्या आधीच उडून जातं, मग पैसे देऊन काय मिळवलं?

केसांचं म्हणाल तर टक्कल बहुतेक घराण्यातून येतं, हेल्मेट उगाच बदनाम. घाम आणि कोंडा मात्र खरा त्रास, तर आतून पातळ सुती टोपी घाला, अस्तर निघत असेल तर धुवा.

मिसेसना सांगा अंबाड्याऐवजी मानेवर सैल वेणी घाला, हेल्मेट नीट बसतं. कायद्यात पगडी घालणारे शीख सोडले तर चार वर्षांवरच्या सगळ्यांना सक्ती आहे, मागे बसणाऱ्यालाही, १००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स बाद होऊ शकतं, आणि मिसेस मागे विनाहेल्मेट बसल्या तर ते लायसन्स गाडी चालवणाऱ्याचं, म्हणजे तुमचं जाईल.