उजनी उणे कशी होते?

सर, सातवीला पूर्णांक शिकवताना तापमापक राहू द्या, सोलापूरचं उजनी धरण घ्या. उन्हाळ्यात पेपरात 'उजनी उणे' छापून येतं आणि पोरं विचारतात, धरणात पाणी दिसतंय की! तिथंच थांबा. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला 63 च्या वर मृतसाठा, म्हणजे कालव्यात आपोआप न जाणारं तळाचं पाणी. टक्केवारी काढतात ती उरलेल्या, जवळपास 54 टीएमसी उपयुक्त साठ्यावर. मृतसाठ्यातून 27 टीएमसी गेलं तर? उणे 50 टक्के, पोरंच काढतात. मग घरी नळ किती दिवसांनी येतो, घागरी किती भरतात, ते वहीत आणायला सांगा. हद्दवाढ भागातल्या, म्हणजे शहराला नंतर जोडलेल्या वस्त्यांतल्या, पोरांचं माणशी लिटर वेगळं निघेल, वाद होईल, होऊ द्या. विडी मजुरीचं गणित घेतलंत तर मात्र जपून. वर्गातल्या कुणाची आई विड्या वळत असेल, तिची कमाई फळ्यावर नको. हजार विड्यांचा दर काल्पनिक घ्या.